हाताचा गुण

केमिस्टबाईंनी फिल्मची ओली पट्टी चिमट्यातून सोडवली, दोन बोटांत धरून निथळवली आणि मोजयंत्राच्या भिंगाखाली सरकवली. कोटिंगवाला दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो पट्टीकडे बघत नव्हता, बाईंच्या भुवयांकडे बघत होता. यंत्रापेक्षा त्या लवकर उत्तर देतात असा त्याचा अनुभव होता.

"किती?"

"चौसष्ट."

"मागच्या वेळी?"

"चौसष्टच."

"म्हणजे सातत्य आहे," तो म्हणाला. "नापास व्हायलासुद्धा सातत्य लागतं, बाई. आमच्या थोरल्यात तेही नाही."

बाईंनी पट्टी पुन्हा भिंगाखाली सरकवली. पट्टीला दया आली नाही. चौसष्ट.

यायला हवे होते शंभर. शंभर हा फिल्मचा स्पीड, म्हणजे किती उजेड मिळाला की तिच्यावर चित्र उमटतं त्याचं माप. डब्यावर तो आकडा वर्षानुवर्षं छापला गेला होता आणि डब्यातला माल त्याला जागत आला होता. ही फिल्म बनवणारे जुने कारागीर, सगळ्यांचे उस्ताद, निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हातच्या फिल्मची रिळं शीतगृहात छतापर्यंत रचलेली होती. कारखान्याने पुढची आठ वर्षं ही फिल्म केलीच नाही, फक्त विकली. घेणारे इतके थोडे उरले होते की साठा संपता संपेना. शेवटी तो संपला, आणि जगाची रीतच अशी की नेमकी त्याच महिन्यात मागणी आली.

मागणी एका मोठ्या चित्रपट संग्रहालयाची होती. त्यांना जुने सिनेमे पुन्हा फिल्मवर उतरवून ठेवायचे होते. संगणकातली प्रत दर दहा वर्षांनी नव्या यंत्रात हलवावी लागते, आणि हलवणारा तोवर जागेवर असावा लागतो. फिल्मला थंड खोली मिळाली आणि लोक तिला विसरले की ती शंभर वर्षं सुखाने पडून राहते. संग्रहालयाची अट साधी होती: लागोपाठ तीन बॅचेस शंभरच्या उतरवून दाखवा, दहा वर्षांचं काम घ्या. नाहीतर मोठ्या साहेबांनी दुसरी सोय पाहून ठेवलीच होती. बाहेर हॉलमध्ये या क्षणी एक तरुण गृहस्थ मोजपट्टी ओढत फिरत होते. ते पार्सल कंपनीचे होते. फिल्मवर थर चढवणारं कोटिंगचं यंत्र बाहेर काढलं तर खोक्यांच्या किती रांगा बसतील हे त्यांना बघायचं होतं.

"त्यांनी मघाशी मला विचारलं," कोटिंगवाला म्हणाला, "हे यंत्र किती फूट आहे? मी म्हटलं, साहेब, अंधारात कधी मोजलं नाही. उजेडात ते आम्हाला भेटतच नाही."

"पोती किती राहिली?"

"जिलेटिनची? चार."

एका पोत्यात एक बॅच. जिलेटिन बनवणारा कारखानदार मागल्या वर्षी धंदा गुंडाळून मुलाकडे राहायला गेला होता. नवं जिलेटिन संग्रहालयाचं काम मिळालं तरच दुसरीकडून बनवून घेता येणार होतं. चार पोती, आणि तीन बॅचेस लागोपाठ. हिशोब करायला बाईंना कागद लागला नाही.

"लहान भांड्यात करून बघता येणार नाही?" त्याने विचारलं, उत्तर ठाऊक असूनही.

"वाटीभर भात चांगला झाला म्हणून पंगतीचा होतो का?"

"नाही."

"मग झालं तर."

बाईंनी पट्टी वाळत लावली. पदवी घेताना त्या रसायनशास्त्रात पहिल्या आल्या होत्या. त्यांनी उस्तादांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली होती. उस्तादांच्या वहीतलं प्रत्येक वजन, प्रत्येक तापमान, प्रत्येक मिनिट त्यांनी जसंच्या तसं पाळलं होतं, आणि वहीत कुठेही खाडाखोड नव्हती. तरी कारखान्यात फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे एकच म्हणत होते: उस्तादांच्या हाताला गुण होता. बाईंना या वाक्याचा राग येई. हाताचा गुण वहीत लिहिता येत नाही, आणि जे लिहिता येत नाही ते उस्तादांबरोबर घरी गेलेलं असतं.

"मंगळवारी एक पोतं फोडू," त्या म्हणाल्या.

"आणि?"

"आणि या वेळी मी काही करणार नाही. नुसती लक्ष देऊन उभी राहणार आहे."

*

हंड्याच्या खोलीत जाण्यापूर्वी चमकणारी प्रत्येक वस्तू बाहेर खुंटीवर ठेवायची असते. मोबाइल, काटे चकाकणारं घड्याळ, एका नव्या अधिकाऱ्याच्या बाबतीत तर बूटसुद्धा. आत काजळीसारखा अंधार असतो. तिथे वेळ कळते ती फक्त बेलवरून, आणि माणूस कळतो तो फक्त आवाजावरून. चालणाऱ्याने सतत "चालतोय, चालतोय" म्हणत राहायचं, म्हणजे टक्कर होत नाही. उस्ताद तेवढे गप्प चालत. ते कुठे आहेत हे कुणालाच कळत नसे, म्हणून सगळे भिंतीला चिकटून त्यांना वाट देत. लोक म्हणत, मोठ्या माणसाला पुकारा लागत नाही.

काम तसं सोपं होतं, निदान सांगायला. कोमट जिलेटिनमध्ये चांदीचा क्षार सोडायचा, हंडा वाफेवर ठेवायचा आणि मिश्रण चाळीस मिनिटं मुरू द्यायचं. कमी मुरलं तर फिल्म मंद होते, जास्त मुरलं तर धुरकट. चाळिसाव्या मिनिटाला बेल होते. मग वाफ बंद करून नळीत गार पाणी सोडायचं, म्हणजे मुरणं जागच्या जागी थांबतं. वाफेचा व्हॉल्व्ह तळघरात होता, बावीस पायऱ्या उतरून बोळाच्या टोकाला. बांधणाऱ्याने तो तिथे का बसवला हे विचारायला बांधणारा हयात नव्हता. उस्तादांच्या काळात बेल झाली की ते स्वतः खाली जात. ते गेल्यावर व्हॉल्व्हला मोटर बसली. बेल आणि मोटर एकाच तारेवर, जिना नाही, बोळ नाही, माणूस नाही. त्या सुधारणेबद्दल कारखान्याला ढालही मिळाली होती.

बेल झाली. बाई हंड्याच्या कठड्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

नव्या असताना या अंधाराची त्यांना भीती वाटे. बेल झाल्यापासून नळीत पाण्याची गुडगुड येईपर्यंत त्या हंड्यापाशी एकट्या असत. मन थाऱ्यावर राहावं म्हणून त्या पाढे म्हणत. बे एके बे पासून. कुणाला सांगितलं नव्हतं. पदवीत पहिल्या आलेल्या बाईने अंधारात पाढे म्हणावेत हे काही सांगण्यासारखं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी, नुसतं उभं राहायचं ठरवल्यामुळे असेल, ओठ आपोआप हलू लागले. बे एके बे. बे दुणे चार. तीन, चार, पाच, सहा. सात दाहे सत्तर.

गुडगुड आली.

बाईंचे ओठ थांबले. सात? साताला कसं पाणी येईल? पाणी यायचं एकोणतिसाला. त्यांना पक्कं आठवत होतं, कारण एकोणतीस साती त्यांना कधीच आलं नाही, तिथे त्या अडखळत, आणि त्या अडखळण्यातच नळी गुडगुडे. तिसाचा पाढा या खोलीत त्यांनी एकदाही म्हटला नव्हता.

"बाई?" अंधारातून कोटिंगवाल्याचा आवाज आला. "आहात ना? काही बोलत का नाही?"

"आहे."

"मग घेऊ ना पुढे?"

"घे. चौसष्ट येणार आहेत."

आले चौसष्टच. पोती राहिली तीन. आता तिन्हीच्या तिन्ही बॅचेस साधायला हव्या होत्या.

*

उस्ताद घरी खिडकीशी खुर्चीत बसून मटार सोलत होते. शर्ट इस्त्रीचा, बाह्या मनगटापर्यंत बंद. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, बाईंना समोर बसवलं आणि त्यांच्याही पुढ्यात एक ताटली सरकवली.

"रिकामे हात त्यांना बघवत नाहीत," काकू म्हणाल्या. "दुपारी एक विमेवाला आला होता, तोही पावशेर सोलून गेला."

बाई सोलू लागल्या. चौसष्टचं सांगितलं. पोत्यांचं सांगितलं. पार्सलवाल्याचं सांगितलं नाही, पण उस्तादांना ते ठाऊक असावं. कारखान्याच्या बातम्या निवृत्तांना आधी कळतात.

"वही पाळतेस ना?"

"अक्षर न् अक्षर."

"मग तुझं जिलेटिन शिळं झालं असेल."

"तपासलं. उत्तम आहे. उस्ताद, एक विचारू? बेल झाल्यावर व्हॉल्व्ह बंद व्हायला किती वेळ लागायचा?"

शेंग सोलणारा अंगठा थांबला.

"वेळ कसला? बेल झाली की व्हॉल्व्ह बंद. वहीत काय लिहिलंय?"

"चाळीस."

"मग चाळीस म्हणजे चाळीस."

"तसं नाही, पण खाली जाऊन, तो बोळ..."

"अगं, सव्वीस वर्षं!" उस्तादांचा आवाज चढला. "सव्वीस वर्षांत एक मंगळवार चुकवला नाही मी. पोरीचं लग्न बुधवारचं धरायला लावलं. वेळ पाळण्याबद्दल मला प्रमाणपत्र दिलंय कंपनीने, मोठ्या साहेबांच्या वडिलांच्या सहीचं. थांब, दाखवतो."

आणि रागाच्या भरात ते उठले.

बाईंच्या लक्षात आलं की उजेडात आपण उस्तादांना चालताना कधी पाहिलेलंच नाही. कँटीनमध्ये ते सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले असत आणि सगळ्यांच्या नंतर उठत. सत्काराच्या दिवशी हार घालायला मोठे साहेबच खुर्चीपाशी गेले होते, आणि तो त्यांचा मान समजला गेला होता. उस्ताद आता आतल्या खोलीकडे निघाले होते. उजवा पाय पुढे जाई. मग तळहात भिंतीवर टेके. मग कमरेतून एक हिसका, आणि डावा पाय फरशीवरून ओढत उजव्याच्या शेजारी येऊन थांबे. मग पुन्हा उजवा. ते घाई करत होते, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं. पायाला घाई ठाऊक नव्हती.

बाईंच्या मनात बावीस पायऱ्या उभ्या राहिल्या. दोन दारं. बोळ. अंधार.

गुण हाताला नव्हता.

"बघितलंस," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

"मी नऊ वर्षं शेजारी उभी होते, काकू."

"अगं, मला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं. तोवर हे बसूनच होते." काकूंनी एक शेंग उचलून ठेवून दिली. "लहानपणीचा ताप. नोकरीला लागताना डॉक्टरने छाती तपासली, डोळे तपासले, दातसुद्धा मोजले. चालून दाखव असं काही म्हणाला नाही. मग यांनी अंधाराचं काम मागून घेतलं. बाकीचे अंधाराला नाक मुरडायचे. हे गेले ते सव्वीस वर्षं बाहेर आले नाहीत. घरी येऊन म्हणायचे, तिथे सगळे सारखे चालतात."

आतून कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला.

"माझ्या तोंडून जाणार नाही," बाई म्हणाल्या.

"तुझ्या तोंडाची काळजी नाही. तुझ्या चेहऱ्याची आहे. खाली बघून मटार सोल."

उस्ताद प्रमाणपत्र घेऊन आले. बाईंनी ते दोनदा वाचलं, कारण वर बघायचं नव्हतं.

*

बाईंचे यजमान शाळेत गणित शिकवत. त्या संध्याकाळी त्यांना स्वयंपाकघरात स्टुलावर बसवण्यात आलं आणि हातात मोबाइल दिला गेला.

"मी बे पासून सुरू करते. एकोणतीस साती म्हटलं की थांबव."

"हे कशासाठी आहे ते विचारू?"

"नको."

"बरं," ते म्हणाले. एकवीस वर्षांच्या संसारात ते हा शब्द उत्तम म्हणायला शिकले होते.

बाईंनी ओट्याच्या कडेवर हात ठेवला, डोळे मिटले आणि तेव्हाच्या वेगाने, तेव्हाच्या भीतीची आठवण काढत पाढे म्हटले. यजमानांनी तेरा आणि सतरा सहन केले. एकोणतिसाला त्यांना राहवलं नाही.

"दोनशे तीन! एकोणतीस साती दोनशे तीन. तू दोनशे तेरा म्हणालीस."

"तेव्हाही तेच म्हणायचे मी. चुकीसकट मोज."

"चुकीसकट नऊ मिनिटं चाळीस सेकंद."

मग साताच्या पाढ्यापर्यंतची वेळ मोजली. दोन मिनिटं पाच, म्हणजे व्हॉल्व्ह फिरल्यावर पाणी नळीत चढायला लागतात तेवढीच. बाईंनी चारदा म्हणून घेतलं, चारही वेळा फरक साडेसात मिनिटांच्या आसपासच आला. पलीकडच्या खोलीतून मुलगी डोकावली, आई ओट्याशी डोळे मिटून पाढे म्हणतेय आणि बाबा स्टुलावर बसून घड्याळ लावतायत असं दृश्य तिने पाहिलं आणि पाण्याची बाटली घेऊन निघून गेली.

पुढच्या मंगळवारी बाईंनी मोटरची तार काढायला लावली आणि कोटिंगवाल्याला तळघरात व्हॉल्व्हपाशी उभं केलं. तळघरात अंधाराची सक्ती नव्हती, तिथे घड्याळ चालत होतं.

"बेल झाली की साडेसात मिनिटं हात लावायचा नाही."

"आणि मग?"

"मग फिरवायचा."

"आणि ही साडेसात मिनिटं मी काय करू?"

"आजवर कामावर काय करत आलास तेच."

पट्टी मोजयंत्राखाली गेली. कोटिंगवाल्याने बाईंच्या भुवयांकडे बघितलं आणि पहिल्यांदा त्याला काही कळेना, म्हणून तो वाकून स्वतःच भिंगात डोकावला. शंभर. त्यापुढच्या मंगळवारी पुन्हा शंभर. तो हॉलमध्ये गेला आणि पार्सलवाल्याने जमिनीवर खडूने आखलेल्या रांगा त्याने ओल्या फडक्याने पुसून काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

एक पोतं उरलं होतं.

*

क्वालिटी साहेब सज्जन होते. त्यांना खरोखर आनंद झाला होता, आणि आनंद झाला की ते फॉर्म काढत.

"बाई, अभिनंदन. फक्त पद्धतीत बदल झालाय, तेव्हा हा भरावा लागेल. जुनी पद्धत, नवी पद्धत, कारण, सही. संग्रहालयवाल्यांनी मागितलाय. तो नसेल तर तीन बॅचेस त्यांच्या हिशेबी योगायोग."

बाईंनी तिथेच भरला. जुनी पद्धत: चाळीस मिनिटांनंतर वाफ बंद. नवी पद्धत: चाळीस मिनिटांनंतर साडेसात मिनिटं थांबून वाफ बंद. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "अनुभव".

साहेबांनी चष्मा पुसला. "अनुभव हे कारण नाही. अनुभव सगळ्यांनाच असतो. उस्तादांच्या वहीत चाळीस आहे. तेराशेच्या वर नोंदी, सगळ्या चाळीस. मग फिल्म तेव्हा शंभर कशी यायची?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"सोपं करू," साहेब म्हणाले. "पाइप गंजलाय, वाफ कमी मिळते, म्हणून जास्त वेळ. लिहा. मी सही करतो. कोण बघतंय?"

"पाइप बदलला तर?"

"म्हणजे?"

"साहेब, दहा वर्षांनी कुणीतरी शहाणा नवा पाइप घालेल. फॉर्म काढून बघेल. कारण काय, गंज. गंज गेला, मग साडेसात मिनिटं कशाला? काढून टाका. की परत चौसष्ट. तेव्हा ना मी असेन, ना तुम्ही. एकदा हे हरवलंय, आठ वर्षं कुणाला पत्ता नव्हता. तिथे खोटं लिहिलं तर ते मीच पुन्हा हरवल्यासारखं होईल."

"मग खरं लिहा."

"खरं माझं नाही."

साहेबांनी फॉर्म त्यांच्या हातात परत दिला. "कुणाचं असेल त्याच्याकडून घेऊन या. मंगळवारच्या आत. रकाना कोरा मला चालणार नाही."

*

या वेळी पुढ्यात मटार नव्हते. उस्तादांनी चष्मा लावून फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, मागचं पानही उलटून पाहिलं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी बसा म्हटलं नाही, आणि बाई बसल्या नाहीत.

"किती आले?" उस्तादांनी विचारलं.

"शंभर. दोन्ही वेळा."

"माझ्याशिवाय."

"तुमच्याशिवाय कुठे, उस्ताद? साडेसात मिनिटं तुमचीच तर आहेत."

त्यांनी फॉर्म गुडघ्यावर ठेवला, डाव्या. मग उचलून उजव्यावर ठेवला. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मी कुणाला काही सांगितलेलं नाही," बाई म्हणाल्या. "सांगणारही नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी फॉर्म आहे तसाच परत देईन. मग जे व्हायचं ते होईल. पण मी खोटं काही भरणार नाही, हे सांगायला आले. त्या रकान्यात खोटं बसलं तर फिल्म आज वाचेल आणि उद्या मरेल."

"तुला कधी कळलं?"

"प्रमाणपत्र आणायला उठलात तेव्हा."

उस्तादांनी मान हलवली, जणू प्रमाणपत्राचा हा उपयोग त्यांना आधी सुचायला हवा होता.

"लोक म्हणायचे, हाताला गुण आहे."

"हो."

"मलाही तसंच वाटायचं गं." ते आपल्या तळहाताकडे बघत होते. "बाकीच्या हंड्यांवरचे कारागीर चांगले होते. त्यांचा माल कायम थोडा मंद उतरायचा. मला कधी समजलं नाही. मी त्यांना म्हणायचो, ढवळण्यात चुकता तुम्ही."

त्यांनी फॉर्म पुन्हा उचलून बघितला. मग विचारलं, "हे वाचणार कोण?"

"क्वालिटी साहेब. संग्रहालयवाले. मग वहीच्या पहिल्या पानाला चिकटेल. हंड्यापाशी नवीन जो कोणी येईल त्याला आधी वाचावं लागेल."

"म्हणजे सगळेच."

"सगळेच, उस्ताद."

"शिकाऊ पोरंसुद्धा."

"पोरं आली तर. हे वाचलं नाही तर पोरंही नाहीत आणि हंडाही नाही."

उस्तादांनी दाराकडे पाहिलं. काकूंनी पदराला हात पुसले.

"माझ्याकडे काय बघता?" त्या म्हणाल्या. "मी चौथ्या दिवशीच वाचलंय. आणि तो रकाना लहान आहे, आटोपशीर लिहा."

उस्तादांनी पेन मागितलं. बाईंनी दिलेलं त्यांनी परत केलं आणि खिडकीतल्या डब्यातून स्वतःचं शाईचं काढलं. बाईंनी लिहिलेल्या "अनुभव" या शब्दावर त्यांनी एक सरळ रेघ मारली. त्यांच्या वहीत कधी खाडाखोड नसे, त्यामुळे रेघ कशी मारायची हे त्यांना क्षणभर सुचलं नसावं. पेन कागदावर थोडा वेळ अधांतरी राहिलं. मग ते नेहमीच्या, मोत्यासारख्या अक्षरात लिहू लागले. बाईंना उलटं वाचता येत होतं.

"व्हॉल्व्ह बंद करणारा कारागीर डाव्या पायाने लंगडा होता. जिना उतरून व्हॉल्व्हपर्यंत पोहोचण्यास त्यास साडेसात मिनिटे लागत. ती धरावीत."

खाली पूर्ण नाव, तारीख, सही. रकाना भरला होता.

बाईंनी हात पुढे केला. उस्तादांनी कागद सोडला नाही. त्यांनी वाक्यं पुन्हा वाचली, ओठ आवळले, फॉर्म आडवा केला आणि कडेच्या कोऱ्या पट्टीत बारीक अक्षरात आणखी एक ओळ घातली. मग पट्टी न घेता, नुसत्या हाताने, तिच्याखाली रेघ ओढली. रेघ सरळ आली.

"बेल झाल्याबरोबर निघत असे."

"हेही टंकायला सांग," ते म्हणाले. "वगळू देऊ नकोस."

बाईंनी कागद घेतला आणि शाई वाळेपर्यंत तो तसाच दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या.